घरपट्टीला लगाम, शाळेला झळ

६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या राज्याच्या घटनेत एक नवं कलम घातलं. ते घरपट्टीविषयी होतं. पण त्याचा पहिला फटका बसला तो उन्हाळी वर्गांना. एखादा विषय मागे राहिलेली मुलं, इंग्रजी कच्चं असलेली मुलं, आईबाप कामावर गेल्यावर जायला दुसरी जागा नसलेली मुलं दर उन्हाळ्यात या वर्गांना येत. त्या वर्षी असंख्य ठिकाणी हे वर्ग रद्द झाले, कारण ते चालवायला पैसे उरणार नाहीत हे शाळांना मतमोजणीच्या रात्रीच कळून चुकलं होतं.

घरपट्टी आणि शाळा यांचा इतका जवळचा संबंध आपल्याला चटकन उमगत नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. गावाची घरपट्टी वसूल झाली नाही तर दिवाबत्ती आणि गटारं अडतात, गुरुजींचा पगार अडत नाही. अमेरिकेत मांडणी वेगळी आहे. तिथे शाळा चालवते ती स्कूल डिस्ट्रिक्ट नावाची स्वतंत्र स्थानिक संस्था. तिचं मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं आणि तिचा मुख्य आधार पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिला आहे : त्या भागातल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर बसणारा मालमत्ता कर. १९७८ पूर्वी कॅलिफोर्नियातल्या शाळांचा निम्म्याच्या आसपास खर्च या करातून भागत असे, आणि दर किती ठेवायचा हे बऱ्याच अंशी स्थानिक लोक ठरवत.

या व्यवस्थेत एक मोठी खोट होती. ज्या भागात श्रीमंतांचे बंगले, त्या भागात थोडा कर लावला तरी भरपूर पैसा जमे. ज्या भागात कामगारांची लहान घरं, तिथे कंबर मोडेपर्यंत कर लावूनही शाळेला पुरत नसे. लॉस एंजेलिस परिसरातले एक पालक, जॉन सेरानो, यांनी इतर पालकांसह १९६८ मध्ये या विषमतेविरुद्ध खटला भरला. त्या खटल्यातले आकडे अजूनही अस्वस्थ करतात. बेव्हर्ली हिल्समध्ये एका मुलामागे वर्षाला १,२३२ डॉलर खर्च होत होते, तर बाल्डविन पार्कमध्ये ५७७. आणि कराचा दर? बाल्डविन पार्कचे लोक आकारणीच्या दर १०० डॉलरमागे ५ डॉलर ४८ सेंट भरत होते, बेव्हर्ली हिल्सचे फक्त २ डॉलर ३८ सेंट. म्हणजे गरीब वस्ती दुपटीहून जास्त दराने कर भरून निम्म्याहून कमी पैशांत मुलं शिकवत होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये निकाल दिला की मुलाचं शिक्षण शेजाऱ्यांच्या घरांच्या किमतीवर अवलंबून ठेवता येणार नाही.

निकाल न्याय्य होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्याचा एक परिणाम कोणी फारसा हेरला नव्हता. आपण भरलेला कर आपल्याच शाळेत जातो, हे ठाऊक असलेला माणूस कुरकुरत का होईना भरतो. चांगल्या शाळेमुळे त्याच्या घराची किंमतही टिकते. जास्त कर भरून आपल्या शाळेला जास्त काही मिळणारच नसेल, तर तो कर त्याला निव्वळ भुर्दंड वाटू लागतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी असं मांडलं आहे की १९७८ च्या करविरोधी बंडाची ठिणगी या निकालांतच होती. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, पण लोकांच्या मनाचा कल समजून घ्यायला हा मुद्दा मोलाचा आहे.

या बंडाचं दुसरं कारण त्याहून जुनं, आणि एका भ्रष्टाचारातून सुरू झालेलं. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे आकारणी अधिकारी रसेल वोल्डन लाचखोरीच्या प्रकरणात सापडले. धंदेवाल्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या मालमत्तेची आकारणी कमी दाखवली जात होती. त्यावर उपाय म्हणून राज्याने पुढच्याच वर्षी कायदा केला : सगळ्या मालमत्तांची आकारणी बाजारभावाच्या एकाच ठरावीक प्रमाणात, २५ टक्क्यांवर, व्हायला हवी. कायदा स्वच्छ होता. पण त्याआधीचे अधिकारी मतदारांना सांभाळण्यासाठी घरांची आकारणी मुद्दाम खाली ठेवत आणि धंद्यांची वर. ती अनौपचारिक सवलत आता संपली आणि घरमालकाचा कर बाजारभावाला जखडला गेला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या, तसा करही भडकला. निवृत्त जोडप्याच्या हातात पेन्शन तेवढीच, घर तेच, आणि कराची पावती मात्र दुप्पट. घराची किंमत वाढली म्हणून कुणाच्या खिशात रोकड वाढत नाही. त्या वेळच्या वृद्ध घरमालकांची भीती खोटी नव्हती, आणि शाळांची बाजू मांडताना ती डावलणं मला मान्य नाही.

त्यातच राज्याच्या तिजोरीत सुमारे ५ अब्ज डॉलरची शिल्लक पडून होती, आणि विधिमंडळाला घरमालकांसाठी वेळेवर काही करता आलं नाही. मतदानाच्या तोंडावर, मे महिन्यात, लॉस एंजेलिस काउंटीच्या नव्या आकारणीचे आकडे बाहेर आले आणि लोक हादरले. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोन करविरोधी कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून मांडलेला प्रस्ताव १३ जवळजवळ ६५ टक्के मतांनी मंजूर झाला.

त्यातल्या तरतुदी थोडक्यात अशा. मालमत्ता कराचा मूळ दर किमतीच्या १ टक्क्याहून जास्त असणार नाही. त्याआधी राज्यातला सरासरी दर अडीच टक्क्यांच्या वर होता. किंमत धरायची ती १९७५ ची, आणि ती वर्षाला फार तर २ टक्के वाढवायची. घर विकलं गेलं की नव्या किमतीने आकारणी. आणि पुढे राज्याला कोणताही कर वाढवायचा असेल तर विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमत हवं. स्थानिक संस्थेला खास कर लावायचा असेल तर दोन तृतीयांश मतदार हवेत.

मालमत्ता कराचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. राज्याने आपली शिल्लक मोकळी करून पहिल्या वर्षी ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम शाळा, शहरं आणि काउंट्यांना दिली, म्हणून शाळांना लगेच कुलपं लागली नाहीत. चर्चा बहुतेक वेळा या टप्प्यावर थांबते : पैसे किती घटले आणि किती भरून निघाले. माझ्या मते खरी उलथापालथ पुढची आहे. कर १ टक्क्यावर गोठला, तेव्हा त्या १ टक्क्यातला वाटा कोणाला किती, हे कोणीतरी ठरवायलाच हवं होतं. ते काम १९७९ च्या कायद्याने राज्याकडे गेलं. शाळांच्या खर्चात स्थानिक मालमत्ता कराचा वाटा निम्म्यावरून पावाच्या आसपास आला आणि राज्याचा वाटा मोठा झाला. स्कूल डिस्ट्रिक्टचं मंडळ पूर्वीसारखंच निवडून येत राहिलं, पण पैसा किती येणार हे ठरवण्याचा त्याचा अधिकार गेला. मुलांच्या वर्गात शिक्षक किती, याचा निर्णय आता राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, होऊ लागला.

राज्याचा पैसा येतो मुख्यतः आयकर आणि विक्रीकरातून. मालमत्ता कर संथ असतो. मंदी आली तरी घरं जागेवर असतात, आकारणी हळूहळू खाली येते. कॅलिफोर्नियाचा आयकर तसा नाही. सर्वांत श्रीमंत १ टक्का लोकांकडून त्यातला ४० ते ५० टक्के हिस्सा येतो आणि त्यांचं बरंचसं उत्पन्न शेअर बाजाराच्या चढउतारावर असतं. बाजार वर असला की तिजोरी ओसंडते, कोसळला की शाळांपर्यंत हादरा पोचतो. २००१ नंतर हे झालं आणि २००८ नंतर त्याहून वाईट झालं. तेव्हा राज्याने शाळांचे हप्तेच पुढे ढकलले. या वर्षीचे पैसे पुढच्या वर्षी घ्या, तोवर कर्ज काढून चालवा, असा तो प्रकार होता.

या अनिश्चिततेचं सगळ्यात बोचरं रूप एका तारखेत दिसतं. पुढच्या वर्षी ज्या शिक्षकांना कमी करावं लागू शकतं, त्यांना १५ मार्चपर्यंत नोटीस द्यावी, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. गव्हर्नरचा सुधारित अर्थसंकल्प मात्र मे महिन्यात येतो आणि विधिमंडळाला तो मंजूर करायला १५ जूनपर्यंत मुदत असते. म्हणजे किती पैसे मिळणार हे न कळताच डिस्ट्रिक्टला नोटिसा काढाव्या लागतात. टंचाईच्या वर्षांत हजारो शिक्षकांच्या हाती त्या पडल्या. त्यांतल्या पुष्कळशा पुढे मागे घेतल्या गेल्या, पण मार्च ते जून हे महिने त्या शिक्षकांनी कसे काढले असतील? नोटिसा बहुधा सेवाज्येष्ठतेने निघत, त्यामुळे जिथे नवे शिक्षक जास्त, म्हणजे गरीब वस्त्यांतल्या शाळांत, तिथे एकाच वेळी अर्धा शिक्षकवर्ग टांगणीला लागे. काही चांगले शिक्षक वाट न पाहता दुसरीकडे निघून जात. ही हानी कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

सेवांची कपात सगळीकडे सारखी होत नाही. गणिताचा तास कोणी रद्द करत नाही. आधी जातात त्या कडेच्या गोष्टी : वाद्यवृंद, चित्रकला, शाळेची परिचारिका, समुपदेशक, ग्रंथपाल. मुलांच्या संख्येच्या मानाने ग्रंथपाल आणि समुपदेशक कमी असलेल्या राज्यांत कॅलिफोर्नियाचं नाव वर्षानुवर्षं राहिलं. ज्या घरात पुस्तकं आहेत, त्या घरातलं मूल ग्रंथपालावाचून निभावून नेतं. ज्या घरात नाहीत, त्या मुलाचं काय हे सांगायला नको. काही शाळांनी खेळ आणि संगीतासाठी फी लावून पाहिली. सांता बार्बराच्या एका प्रकरणात १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली : सार्वजनिक शाळेचं शिक्षण मोफत, तर त्यातला खेळही मोफत.

वर्गही फुगले. १९९० च्या दशकापर्यंत कॅलिफोर्नियाचे वर्ग देशातल्या सर्वांत दाटीच्या वर्गांमध्ये गणले जात आणि एकेकाळी शाळांवर सढळ हाताने खर्च करणारं हे राज्य दर मुलामागच्या खर्चात देशाच्या सरासरीखाली गेलं होतं. १९९६ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी लहान इयत्तांसाठी २० मुलांच्या वर्गाची योजना आणली. हेतू उत्तम, पण एकाएकी इतके शिक्षक आणि इतक्या खोल्या आणायच्या कुठून? पुरेसं प्रशिक्षण नसलेले शिक्षक घ्यावे लागले, आणि श्रीमंत भागांत नव्या जागा निघताच गरीब भागांतले अनुभवी शिक्षक तिकडे गेले. मैदानांवर तात्पुरत्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या.

खोल्यांची टंचाईही आकाशातून पडली नव्हती. शाळेची इमारत बांधायची तर स्थानिक कर्जरोखे काढायचे आणि ते मालमत्ता करातून फेडायचे, ही जुनी रीत प्रस्ताव १३ ने बंद केली. १९७८ ते १९८६ या आठ वर्षांत डिस्ट्रिक्टला नवे रोखे काढता येत नव्हते. नंतर परवानगी मिळाली, पण दोन तृतीयांश मतांची अट कायम राहिली. ६० टक्के लोकांनी हो म्हटलं तरी प्रस्ताव पडे. २००० मध्ये ही अट ५५ टक्क्यांवर आली, तेव्हा कुठे बांधकामांना वेग आला.

मग पालक पुढे सरसावले. शाळेसाठी देणग्या गोळा करणारी प्रतिष्ठानं राज्यभर निघाली. सधन भागांत ती मुलामागे हजार डॉलर किंवा त्याहून जास्त उभे करतात. त्यातून संगीतशिक्षक येतो, विज्ञानाची प्रयोगशाळा सजते. राज्यातल्या एकूण खर्चात या देणग्यांचा हिस्सा लहानच आहे, पण तो जिथे आहे तिथेच साचलेला आहे. दुसरा मार्ग पार्सल टॅक्सचा. घराच्या किमतीवर जादा कर लावता येत नाही, म्हणून जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे ठरावीक रक्कम घ्यायची. त्यासाठीही दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे तो मुख्यतः सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या सुशिक्षित, सुस्थितीतल्या भागांत मंजूर होतो. आणि त्याचं स्वरूप पाहा : दोन खोल्यांच्या घराला जितका, तितकाच सहसा मोठ्या बंगल्यालाही. शिवाय काही डिस्ट्रिक्ट अशा आहेत की तिथला मालमत्ता करच राज्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त जमतो आणि ती वरची रक्कम त्यांच्याकडेच राहते. पालो आल्टो हे त्यातलं ठळक नाव. सेरानो खटल्याने ज्या दरीवर बोट ठेवलं होतं, ती बरीच बुजली हे खरं. बहुतेक डिस्ट्रिक्टांचा खर्च एकमेकांच्या जवळ आला. पण तो जवळ आला वरच्यांना खाली ओढून, आणि ज्यांच्याकडे ऐपत होती त्यांनी वर जायच्या वाटा पुन्हा शोधल्या.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या कायद्याची दुसरी बाजू चांगली ठाऊक असते. समजा, एका गल्लीत १९७५ मध्ये ५० हजार डॉलरचं घर होतं. वर्षाला २ टक्क्यांनी त्याची आकारणी पन्नास वर्षांत १ लाख ३५ हजारांच्या आसपास जाते आणि मूळ कर होतो साडेतेराशे डॉलर. त्याच्याच शेजारचं तसंच घर फ्रीमॉन्ट किंवा सनीव्हेलमध्ये आज एखाद्या मराठी अभियंत्याने १८ लाख डॉलरला घेतलं, तर त्याचा मूळ कर १८ हजार. रस्ता तोच, शाळा तीच. या भेदाविरुद्धचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९२ च्या नॉर्डलिंगर प्रकरणात न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा उचलून धरला. नव्याने येणारा, मग तो परदेशातून आलेला असो वा पहिलं घर घेणारं तरुण जोडपं, जुन्यापेक्षा कितीतरी पट भरतो. आणि जुना घरमालक जागा बदलायला धजत नाही, कारण घर विकलं की ती सवलत सहसा जाते.

मुंबईकरांना यात ओळखीचं काही दिसेल. मुंबईत २०१० पर्यंत मालमत्ता कर भाड्याच्या रकमेवर ठरत असे, आणि जुन्या इमारतींची भाडी भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागेवरच्या जुन्या घराला नाममात्र कर आणि उपनगरातल्या नव्या सदनिकेला भरमसाट, असं चित्र होतं. महापालिकेने भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आणली ती ही तफावत मोडण्यासाठी. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षणासाठीचे उपकरही असतात.

मर्यादा घातली की शाळा बुडणारच, असं मात्र नाही. मॅसॅच्युसेट्सने कॅलिफोर्नियाच्या पाठोपाठ, १९८० मध्ये, अडीच टक्क्यांची मर्यादा घातली : एकूण कर मालमत्तांच्या एकूण किमतीच्या अडीच टक्क्यांवर जाणार नाही आणि दर वर्षी अडीच टक्क्यांहून जास्त वाढणार नाही. पण त्यात एक दार ठेवलं. गावाला शाळेसाठी जास्त हवं असेल तर साध्या बहुमताने मर्यादा ओलांडता येते. मग १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राज्याने गरीब गावांना भरीव मदत सुरू केली. आज त्या राज्याच्या शाळा देशात अव्वल गणल्या जातात. मिशिगनची वाट निराळी. तिथे मार्च १९९३ मध्ये काल्कास्का या डिस्ट्रिक्टने, मतदारांनी कर नाकारल्यामुळे, वर्ष संपायच्या कितीतरी आधी शाळा बंद केल्या. तो धक्का इतका होता की पुढच्या वर्षी मतदारांनी विक्रीकर ४ वरून ६ टक्क्यांवर नेऊन शाळांचा बहुतांश भार राज्याकडे दिला.

आणि वृद्ध घरमालकाला दिलासा देण्याचे दुसरे उपायही होते. कर उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्याहून जास्त झाला तर वरची रक्कम राज्याने परत करायची, ही पद्धत विस्कॉन्सिनने १९६४ मध्येच सुरू केली होती. घर विकेपर्यंत कर पुढे ढकलण्याची सोय देता येते. या उपायांनी मदत गरजूला पोचते. प्रस्ताव १३ ने ती निवृत्त शिक्षिकेला दिली आणि त्याच दराने मोठमोठ्या कंपन्यांच्या जागांनाही. कंपनी म्हातारी होत नाही आणि तिची जागा बऱ्याचदा विकलीही जात नाही, म्हणून तिची आकारणी दशकानुदशकं मागेच राहते. याच गोष्टीवर बोट ठेवून २०२० मध्ये प्रस्ताव १५ आला : घरांचं संरक्षण कायम, पण मोठ्या व्यापारी मालमत्तांची आकारणी बाजारभावाने. सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्के मतांनी तो पडला.

दरम्यान मतदारांनीच शाळांसाठी वेगळे टेकू लावले. १९८८ च्या प्रस्ताव ९८ ने राज्याच्या सर्वसाधारण निधीतला साधारण ४० टक्के हिस्सा शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी राखून ठेवला. २०१२ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी श्रीमंतांवर जादा आयकर आणि थोडा जादा विक्रीकर मतदारांकडून मंजूर करून घेतला. १९७८ मध्येही गव्हर्नर तेच होते. तेव्हा आधी विरोध करून नंतर प्रस्ताव १३ राबवायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं होतं. २०१३ मध्ये त्यांनी शाळांना पैसे देण्याचं सूत्र बदललं. गरीब मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं आणि पालकघरांत वाढणारी मुलं यांच्यामागे २० टक्के जास्त रक्कम, आणि अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे आणखी. बाल्डविन पार्कसारख्या भागांना न्यायालयाने कधीच मान्य केलेला हक्क प्रत्यक्ष रकमेच्या रूपाने मिळायला इतकी वर्षं लागली.

श्रीमंतांवरचा तो जादा आयकर २०१६ च्या प्रस्ताव ५५ ने वाढवून दिलेला आहे, पण कायम केलेला नाही. त्या प्रस्तावातली मुदत २०३० च्या अखेरीस संपते.